भट्टींतील मॅग्नेशियम

पनवेल ज्यांनीं आगगाडीच्या किंवा मोटारीच्या खिडकींतूनच पाहिलें आहे, त्यांना तें गांव एके काळीं बैलगाडीच्या चाकांसाठीं नांवाजलेलें होतें असें सांगितलें तर आश्चर्य वाटेल. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत पनवेलच्या या धंद्याची नोंद आहे. घाटाकडे जाणाऱ्या आणि बंदरावर माल उतरविणाऱ्या गाड्यांना चाकें लागत, आणि तीं करणारे कारागीर तेथेंच होते. चाक करणाऱ्या सुताराला पुस्तकी शास्त्राची गरज नव्हती. पण एक गोष्ट तो पक्की जाणून होता. तुंब्यासाठीं, आऱ्यांसाठीं आणि पुठ्ठ्यांसाठीं लांकूड निवडतांना तो लांकडाची जात पाही, तशाच त्याच्या रेषा कोणत्या बाजूला धांवतात तेंहि पाही. आरा रेषांच्या लांबींत काढलेला असला तर वर्षानुवर्षें भार सोसतो. तोच आडव्या रेषांचा निघाला तर पहिल्या खड्ड्यांत त्याचे दोन तुकडे होतात. लांकूड तेंच, झाड तेंच, परंतु बळ दिशेप्रमाणें बदलतें. चाकावर लोखंडी धाव चढविणाऱ्या लोहाराला मात्र ही चिंता नव्हती. धाव तापवून लाल करावी, चाकावर बसवावी, वरून पाणी ओतावें, कीं ती आवळून घट्ट बसते. लोखंड सगळीकडून सारखें, त्याला उभें-आडवें कांहीं नाहीं, अशीच त्याची समजूत असणार. आणि आजच्या सुशिक्षित घरांतूनहि धातूविषयीं हीच समजूत आढळते.

ती खरी नाहीं. लाटलेल्या, ओढलेल्या किंवा ठोकलेल्या धातूला बहुधा लांकडासारखेंच उभें-आडवें असतें; तें डोळ्यांना दिसत नाहीं एवढेंच. धातुशास्त्रांत या गुणाला टेक्श्चर म्हणतात. मराठींत कापडाच्या व्यवहारांतील ‘पोत’ हा शब्द त्यासाठीं घ्यावयास हरकत नाहीं. कारण कापडहि उभ्या धाग्यावर ओढलें तर एक वागतें आणि तिरपें ओढलें तर दुसरेंच वागतें, हें घरीं शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा असता तर त्यावर एक व्याख्यान खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्यांपासून यंत्रांचे भाग घडवितां येतात अशा नित्याच्या धातूंमध्यें जो सर्वांत हलका, त्याचें भवितव्य या अदृश्य पोतापाशीं अडून राहिलें आहे. तो धातु म्हणजे मॅग्नेशियम.

जुन्या फोटोग्राफरांच्या पुडीचा डोळे दिपविणारा पांढरा उजेड ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना हा धातु परका नाहीं. तो दूर कोठें शोधावयासहि नको. पनवेल, उरण आणि पेण या बाजूंच्या मिठागरांत समुद्राचें पाणी आटवून मीठ काढून घेतलें, कीं वाफ्यांत जें कडवट पाणी मागें राहतें, त्याचा कडवटपणा मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. एक घनमीटर समुद्रजलांत सुमारें १.३ किलोग्रॅम मॅग्नेशियम असतें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, अमेरिकेंतील डाऊ कंपनीनें टेक्सस प्रांतांत फ्रीपोर्ट येथें समुद्राच्या पाण्यापासून हा धातु काढण्यास आरंभ केला आणि तो उद्योग अर्धशतकाहून अधिक काळ चालविला. आज मात्र जगांतील बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्यें डोलोमाइट नांवाच्या दगडापासून काढलें जातें.

पाण्याचें वजन एक धरलें तर मॅग्नेशियमचें १.७४, ॲल्युमिनियमचें २.७० आणि लोखंडाचें ७.८७ भरतें. म्हणजे ॲल्युमिनियमच्या ठिकाणीं तेवढ्याच आकाराचें मॅग्नेशियम घातलें तर एकतृतीयांशाहून अधिक वजन वांचतें. गाडी हलकी झाली कीं तेल कमी लागतें. विजेच्या गाडीची मजल वाढते. आणि विमानाच्या बाबतींत तर किलो-किलोचा हिशेब असतो. २०२५ सालीं ज्याचें उद्घाटन झालें तो नवी मुंबईचा विमानतळ पनवेल तालुक्यांतच आहे, तेव्हां तेथल्या रहिवाशांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मग मोटारींचे दरवाजे आणि रेल्वेच्या डब्यांचे पत्रे मॅग्नेशियमचे कां नसतात? पुष्कळ लोक चटकन् उत्तर देतात कीं, तें पेटतें. त्याची पूड किंवा कीस पेटतो हें खरें, आणि पेटल्यावर पाणी ओतलें तर हायड्रोजन निघून आग भडकते हेंहि खरें. पण जाड पत्रा किंवा ओतीव ठोकळा सहजासहजीं पेट घेत नाहीं. दुसरें उत्तर गंजण्याचें. त्यांत तथ्य अधिक आहे, कोंकणच्या खाऱ्या हवेंत तर विशेषच. पण रंग, मुलामे आणि धातूची शुद्धता यांच्या योगानें त्यावर बराच इलाज करतां येतो. तिसरें कारण सामान्य माणसाच्या कानांवर क्वचितच येतें आणि तेंच खरें नडतें: मॅग्नेशियमचा पत्रा थंड असतांना वांकवूं गेलें तर तो वळण्याऐवजीं तडकतो. आज जें मॅग्नेशियम मोटारींत दिसतें, म्हणजे गिअरपेटीचें आवरण, सुकाणूच्या चाकाचा सांगाडा इत्यादि, तें बहुतेक सारें ओतीव असतें. सांच्यांत ओतलें, थिजलें, काम झालें. तें लाटण्याचा आणि वांकविण्याचा प्रश्नच येत नाहीं. पत्र्याचें काम मात्र ओतीव धातूनें होत नाहीं, आणि गाडीच्या अंगाचा मोठा भाग पत्र्याचाच असतो.

हा तडकण्याचा दोष कोठून येतो तें पाहण्यासाठीं प्रथम घरांतली जस्ताचा मुलामा दिलेली बादली घ्यावी. नव्या बादलीच्या अंगावर फुलांसारखे, पानांसारखे चकचकीत आणि मंद असे तुकडे एकमेकांना भिडलेले दिसतात. बादली जराशी फिरविली कीं चकचकीत होता तो मंद होतो आणि मंद होता तो चमकूं लागतो. त्यांतला प्रत्येक तुकडा हा जस्ताचा एकेक स्फटिक आहे. सगळे धातु असेच स्फटिककणांचे बनलेले असतात; फक्त बहुतेकांत ते इतके बारीक असतात कीं सूक्ष्मदर्शकावांचून दिसत नाहींत. प्रत्येक कणांत अणु शिस्तीनें मांडलेले असतात, पण एका कणाची शिस्त पूर्वेकडे तोंड करून असेल तर शेजारच्याची ईशान्येकडे. हीं तोंडें वाटेल तशीं विखुरलेलीं असलीं तर सबंध पत्रा सर्व बाजूंनीं सारखा वागतो. तीं बहुसंख्येनें एकाच दिशेला वळलीं, कीं पत्र्याला पोत आला.

जस्त आणि मॅग्नेशियम हे एकाच कुळांतले. टेबलावर एक रुपया ठेवून त्याच्याभोंवतीं तसेच रुपये भिडवून मांडले तर बरोबर सहा मावतात. मॅग्नेशियमच्या अणूंचा एक थर असाच असतो. त्याच्या खळग्यांत दुसरा थर बसतो, आणि तिसरा थर पुन्हां पहिल्याच्या बरोबर डोक्यावर येतो. ॲल्युमिनियममध्यें तिसरा थर वेगळ्या खळग्यांत बसतो. एवढाच काय तो फरक. मिठाईवाल्यानें लाडवांची रास दोन तऱ्हांनीं रचावी तितकाच. पण या क्षुल्लक फरकामुळें ॲल्युमिनियमच्या स्फटिकांत चार निरनिराळ्या कलांच्या पातळ्या निर्माण होतात, प्रत्येकींत सरकण्याच्या तीन दिशा, अशा एकूण बारा वाटा. मॅग्नेशियममध्यें नेहमींच्या उष्णतामानाला सहज सरकणारी पातळी एकच, ती म्हणजे षट्कोनी तळाची. जणूं पत्त्यांचा कॅट: पानावर पान आडवें सरकविणें सोपें, पण तोच कॅट उभा दाबून बारीक करणें अशक्य.

१९२८ सालीं फॉन मिझेस या शास्त्रज्ञानें मांडलेल्या नियमाप्रमाणें, स्फटिकाला हवा तो आकार घेतां यावा यासाठीं सरकण्याच्या निदान पांच स्वतंत्र रीती असाव्या लागतात. मॅग्नेशियमच्या तळपातळीकडून मिळतात त्या दोनच.

आतां असा धातु लाटण्याच्या रुळांत घातला म्हणजे काय होतें तें पाहावें. पोळी लाटतांना कणकेचा गोळा पसरतो. कणकेला कोणत्याहि दिशेचें वावडें नसतें. मॅग्नेशियमचा ठोकळा तापवून रुळांमधून काढला कीं त्यांतला प्रत्येक स्फटिक आपली पानें सरकवीत आणि स्वतः फिरत फिरत शेवटीं एकाच आसनांत येऊन बसतो: सगळ्यांच्या तळपातळ्या पत्र्याशीं समांतर, सगळ्यांचे उभे आस पत्र्याशीं काटकोनांत. लाखों कॅट, पण सारे टेबलावर पालथे. असा पत्रा ओढून पातळ करावयाचा तर कॅटाची उंचीच कमी करावी लागेल, आणि ती तर पानें सरकून होणारी गोष्ट नव्हे.

निसर्गानें मॅग्नेशियमला एक पळवाट ठेवलेली आहे. स्फटिकाचा एखादा पट्टा एकदम कूस बदलतो आणि त्याचा उभा आस सुमारें ८६ अंशांनीं वळतो; अशा पट्ट्याला जुळा स्फटिक म्हणतात. परंतु ही पळवाट एकेरी आहे. आसाच्या दिशेनें ताण पडला तर ती उघडते; दाब पडला तर बंद. शेव पाडण्याच्या सोऱ्यासारख्या यंत्रांतून काढलेल्या मॅग्नेशियमच्या कांबीवर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. तशा कांबींत स्फटिकांचे आस लांबीला आडवे असतात. कांब ओढली तर ती चांगला भार सोसते, आणि लांबीच्या बाजूनें दाबली तर पुष्कळदां अर्ध्या-पाऊण भारालाच नमते. तुळई म्हणून ती वापरली तर वरचा भाग दाबाखालीं आणि खालचा ताणाखालीं, म्हणजे एकाच तुळईच्या दोन बाजू दोन निरनिराळ्या धातूंच्या असल्याप्रमाणें वागणार. अशा धातूचा हिशेब मांडणें इंजिनिअरला नकोसें वाटावें यांत नवल नाहीं.

येथें भट्टीचा संबंध येतो. पुण्याच्या तांबट आळींत तांब्याचा हंडा घडवितांना कारागीर कांहीं वेळ ठोकतो आणि मग भांडें विस्तवांत घालतो. ठोकून ठोकून तांबें ताठर झालेलें असतें. आंच लागली कीं तें पुन्हां मऊ येतें आणि पुढें घडवितां येतें. या मऊ येण्यांत नुसतें सैल होणें नसतें. ठोकलेल्या स्फटिकांच्या आंत अणूंची मांडणी ठिकठिकाणीं विस्कटलेली असते आणि त्या विस्कटण्यांत ठोक्यांची थोडी शक्ति कोंडून राहिलेली असते. आंच मिळतांच या जुन्या, दुखावलेल्या स्फटिकांच्या पोटांत आणि कडांवर नवे, निर्दोष स्फटिक अंकुरतात. ते वाढत जातात आणि जुन्यांना गिळून टाकतात. तांब्याचें भांडें भट्टींतून बाहेर येतें तेव्हां आकार तोच, पण आंतलें शहर नव्यानें वसलेलें. याला पुनःस्फटिकीकरण म्हणतात.

नवे स्फटिक जुन्यांच्याच दिशेला तोंड करून जन्मतात, कीं निराळ्या? सगळा प्रश्न येथें आहे, आणि त्याचें उत्तर धातूगणिक वेगळें आहे. ॲल्युमिनियममध्यें तीं तोंडें बदलतात, आणि तो बदल पनवेलकरांच्या शेजारींच उपयोगी पडणारा आहे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतींत ॲल्युमिनियमचे पत्रे लाटणारी मोठी गिरणी आहे. ती पूर्वीं इंडियन ॲल्युमिनियम कंपनीची होती, आतां हिंडाल्कोची आहे. असल्या पत्र्यांतून गोल चकत्या कापतात आणि त्या दाबून डबे किंवा पातेलीं काढतात. चकती अगदीं वाटोळी असली तरी दाबून निघालेल्या भांड्याचा कांठ सपाट येत नाहीं. त्याला बहुधा चार उंचवटे येतात. कारखान्यांत त्यांना भांड्याचे कानच म्हणतात. कान छाटावे लागतात, आणि छाटलें तें भंगारांत जातें. नुसत्या लाटलेल्या पत्र्याचे कान लाटण्याच्या दिशेशीं ४५ अंशांवर येतात. पत्रा भट्टींत घालून नवे स्फटिक वाढूं दिले, कीं त्यांतले पुष्कळसे घनाकृतीची एक बाजू पत्र्यावर आणि एक कड लाटण्याच्या दिशेंत ठेवून बसतात, आणि मग कान येतात ते लाटण्याच्या दिशेला व तिच्या आडव्या दिशेला. लाटणें किती आणि भाजणें किती यांचा मेळ साधला तर एका जातीच्या पोताचे उंचवटे दुसऱ्या जातीच्या खळग्यांत जिरतात आणि कांठ जवळजवळ सपाट निघतो. चहाच्या टपरीवरच्या साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यामागें एवढा विचार असतो.

मॅग्नेशियमहि भट्टींत टाकावें आणि त्याचा पोत मोडून काढावा, ही कल्पना म्हणूनच कोणालाहि सुचेल. ती फार पूर्वींच सुचली, आणि फसली. पत्र्यासाठीं सर्वांत अधिक वापरला जाणारा मिश्रधातु म्हणजे शेंकडा तीन ॲल्युमिनियम आणि शेंकडा एक जस्त घातलेलें मॅग्नेशियम. त्याचें व्यापारी नांव एझेड-३१. हा पत्रा मऊ करण्यासाठीं तो सामान्यतः ३४५ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास तापवितात. नवे स्फटिक जन्मतात, पत्रा मऊहि होतो. पण त्या नव्या स्फटिकांचे आस पुन्हां पत्र्याशीं काटकोनांतच! त्यांतले कांहीं आपल्या आसाभोंवतीं ३० अंशांनीं गिरकी घेतात, म्हणजे पालथा कॅट टेबलावरच जरा फिरतो. उभा मात्र होत नाहीं. अधिक वेळ भट्टींत ठेवावें तर मोठे स्फटिक लहानांना खाऊन आणखी मोठे होतात, आणि जे अधिक नीट पालथे, तेच पुष्कळदां या चढाओढींत जिंकतात. वाडा पाडून नवा बांधावा आणि बांधून होतो तों सर्व दारें पुन्हां जुन्याच दिशेला उघडलेलीं आढळावीं, असला हा प्रकार.

अर्थात् पत्रा सुमारें २२५ अंशांच्या वर तापलेला असतांनाच वांकविला तर तो वांकतो, कारण तेवढ्या उष्णतेंत स्फटिकाच्या इतर पातळ्याहि सरकूं लागतात. पण प्रत्येक दरवाजा आणि प्रत्येक टप गरम सांच्यांतून काढावयाचा म्हटलें, कीं वेळ आणि खर्च वाढतो आणि मोटार कंपनी पोलादाकडे परत वळते. शिवाय मॅग्नेशियमची भट्टी म्हणजे भाकरीचा तवा नव्हे. ओतीव वस्तूंना पक्कें करण्यासाठीं त्या ४०० अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवाव्या लागतात, तेव्हां भट्टींत गंधकाचा किंवा कार्बन डाय-ऑक्साइडचा वायु भरून हवा दूर ठेवावी लागते. पूर्वीं त्यासाठीं भट्टींत लोहमाक्षिकाचे तुकडेच टाकीत. तापले कीं त्यांतून गंधकाचा धूर निघे. हें पक्कें करणें पोताच्या प्रश्नाहून वेगळें आहे, एवढें येथें ध्यानांत ठेवावें. त्यांत ॲल्युमिनियमसारखा मिसळलेला धातु उष्णतेनें विरघळवून मग बारीक कणांच्या रूपानें बाहेर काढावयाचा असतो. स्फटिकांचीं तोंडें त्यानें फिरत नाहींत.

डोळ्यांना न दिसणारा हा पोत मोजतात कसा, असें कोणीहि विचारील. १९१२ सालीं फॉन लाऊए यानें क्ष-किरण स्फटिकांवरून ठराविक दिशांनींच उसळतात हें दाखविलें. १९२४ सालीं फ्रांत्स वेवर यानें त्या उसळणाऱ्या किरणांवरून स्फटिकांच्या दिशांचा नकाशा काढण्याची रीत घातली. हा नकाशा वाटोळा असतो. मध्यबिंदु म्हणजे पत्र्याशीं काटकोनाची दिशा आणि परीघ म्हणजे पत्र्यांतल्या दिशा. मॅग्नेशियमच्या पत्र्याच्या आसांचा नकाशा काढला तर कपाळावरच्या कुंकवासारखा एकच ठसठशीत टिळा मध्यभागीं येतो. दुसरें साधन इलेक्ट्रॉनांचें. तिरक्या धरलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला कीं पडद्यावर एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटते. हा प्रकार जपानमध्यें किकुची यानें १९२८ सालीं प्रथम पाहिला. त्या जाळीवरून यंत्र एकेका स्फटिकाचें तोंड वाचतें आणि रंगीत नकाशा काढतें. १९५८ सालीं स्थापन झालेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत अशा मोजमापांसाठीं एक राष्ट्रीय केंद्रच उभारलेलें आहे. आपल्या देशानें या शास्त्राची आस्था बाळगावी याला मोटारींहून जवळचें एक कारणहि आहे. अणुभट्टींतलें इंधन ज्या नळ्यांत भरतात, त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, आणि झिर्कोनियम हें मॅग्नेशियमसारखेंच षट्कोनी. त्या नळींत स्फटिकांनीं कोणत्या दिशेला तोंड केलें आहे यावर तिचें आयुष्य अवलंबून असतें.

मॅग्नेशियमच्या हट्टावर उपाय सांपडला तो भट्टींत नव्हे, मुशींत. सेरियम, निओडिमियम, यिट्रियम, गॅडोलिनियम या दुर्मिळ मृदा म्हणविणाऱ्या धातूंपैकीं एखादा अगदीं थोडा मिसळला, कीं त्यानंतरच्या लाटण्यानें व भाजण्यानें घडणारा पोतच पालटतो. प्रमाण किती थोडें? २००८ सालीं जनरल मोटर्सच्या संशोधकांनीं शेंकडा ०.२ सेरियम घातलेल्या मॅग्नेशियमच्या कांबींवर आपलें काम प्रसिद्ध केलें. आमटींतल्या मिठाहूनहि हें कमी. तरी कांब शुद्ध मॅग्नेशियमच्या मानानें कितीतरी अधिक लांबली, आणि पोत पूर्वींइतका करडा राहिला नाहीं. पत्र्यांतहि तेंच. अशा मिश्रधातूचा पत्रा रुळांतून निघतो तेव्हांच टिळा थोडा विसकटलेला असतो. भट्टींतून निघतो तेव्हां तो आणखी फिका झालेला आणि पुष्कळदां आडव्या दिशेला दोन्हींकडे फांकलेला दिसतो. म्हणजे बरेच कॅट टेबलावर तिरपे उभे राहिले. तिरपा कॅट ओढला कीं पानें सरकतात, आणि पत्रा न तडकतां वांकतो.

चिमूटभर पदार्थानें एवढें कां व्हावें, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. बहुतेकांना मान्य असें एक स्पष्टीकरण येणेंप्रमाणें आहे. या धातूंचे अणु मॅग्नेशियमच्या अणूंपेक्षां मोठे. स्फटिकाच्या आंत ते अवघडून बसतात, म्हणून जेथें जागा सैल असते तेथें, म्हणजे दोन स्फटिकांमधल्या सीमेवर, ते जमा होतात. सीमा पुढें सरकूं लागली कीं तिला हा लवाजमा ओढीत न्यावा लागतो आणि ती मंदावते. एझेड-३१ मध्यें जे पालथे स्फटिक भराभर वाढून शेजाऱ्यांना गिळीत, त्यांची ती धांव आतां खुंटते. लाटतांना जेथें धातु फार घुसळला गेला अशा तिरप्या पट्ट्यांत, आणि जुळ्या स्फटिकांच्या कडांवर, निरनिराळ्या दिशांना तोंड करून जन्मलेलीं पिलें असतातच. पूर्वीं तीं वाढण्याआधींच गिळलीं जात, आतां त्यांना वाढण्यास अवसर मिळतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हे अणु स्फटिकांतील सरकण्याच्या वाटाच बदलतात आणि पोताचा पालट लाटण्यापासूनच सुरू होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असण्याचा संभव अधिक दिसतो.

दुर्मिळ मृदा या नांवाइतक्या दुर्मिळ नाहींत. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूंत मोनाझाइट नांवाचें खनिज आहे आणि सेरियम त्यांत भरपूर असतें. तरी त्या निराळ्या काढणें कष्टाचें व खर्चाचें असल्यामुळें स्वस्त पत्र्यासाठीं संशोधकांची दृष्टि कॅल्शियमकडे वळली आहे. कॅल्शियम म्हणजे पानाला लावतात त्या चुन्यांतला धातु. त्याचाहि अणु मॅग्नेशियमहून मोठा, तोहि सीमेवर जमतो, आणि थोड्या जस्ताच्या जोडीनें तोहि टिळा फांकवितो. अडचण अशी कीं कॅल्शियम अधिक झालें तर ठिसूळ संयुगें बनतात आणि लाटतांनाच पत्र्याच्या कडा फाटतात; कमी झालें तर पोत जुन्या वळणावर जातो.

शेवटीं प्रश्न पुन्हां भट्टीचाच उरतो. मिश्रधातु योग्य असला तरी तो किती अंशांपर्यंत आणि किती वेळ तापवावयाचा हें ठरवावें लागतें. फार थोडा वेळ दिला तर जुने, दुखावलेले स्फटिक शिल्लक राहतात आणि पत्रा ताठरच राहतो. फार वेळ दिला तर स्फटिक मोठे होतात, धातूचें बळ घटतें, आणि कांहीं मिश्रधातूंत मोडलेला पोत पुन्हां जमूं लागतो. म्हणून प्रयोगशाळांतून एकाच पत्र्याच्या लहान लहान पट्ट्या कापून त्या निरनिराळ्या वेळीं भट्टींतून बाहेर काढतात, पाण्यांत बुडवून जागच्या जागीं थिजवितात आणि प्रत्येकीचा नकाशा काढतात. पांचव्या मिनिटाची पट्टी आणि तासाभराची पट्टी डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसतात. नकाशावर मात्र एकीच्या मध्यभागीं टिळा असतो आणि दुसरीच्या मध्यभागीं जागा मोकळी असते.